पोटात टिकलं किती? स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतरच्या सातव्या आठवड्यातलं एक प्रकरण

शस्त्रक्रियेनंतरच्या ४५व्या दिवशी संध्याकाळी बाईंच्या पतींचा फोन आला. "मॅडम, आज उलट्यांसाठी फोन नाही केला. ती मघापासून एकच गोष्ट परत परत विचारतेय. आणि चालताना भिंत धरतेय." त्यांना तडक रुग्णालयात यायला सांगून मी फोन ठेवला आणि फाइल उघडली. १२ दिवसांपूर्वीच्या बोलण्याची नोंद माझ्याच अक्षरात होती : ‘प्रथिनं ६२ ग्रॅम. द्रव ठीक. अधूनमधून उलटी, घास लहान घ्यायला सांगितलं. वही उत्तम.’

मी वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकात आहारतज्ज्ञ आहे. हे प्रकरण बाईंच्या आणि त्यांच्या पतींच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे. लिहिण्याचं कारण एवढंच, की या बाई सूचना न पाळणाऱ्या रुग्ण नव्हत्या. दिलेला प्रत्येक कागद त्यांनी वाचला होता, मोजायचं ते मोजलं होतं, लिहायचं ते लिहिलं होतं. तरीही सातव्या आठवड्यात त्या आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांना महिना कोणता चालू आहे ते सांगता येत नव्हतं.

सुरुवात

बाई ४२ वर्षांच्या, पेशानं शिक्षिका. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ११८ किलो, म्हणजे बीएमआय ४७. गुडघे दुखायचे, झोपेत श्वास अडकायचा, रक्तदाबासाठी रोज एक गोळी चालू होती. त्या एका गोळीत दोन औषधं होती आणि त्यातलं एक लघवी वाढवणारं होतं. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला. मधुमेह नव्हता. दारू आयुष्यात कधी घेतलेली नव्हती.

त्यांची स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली. यात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि उरते ती एक अरुंद, किंचित वाकडी नळी. तिच्यात सुरुवातीला जेमतेम १०० ते १५० मिलिलिटर मावतं. काढलेल्या भागात जठराचा वरचा फुगीर घुमटही जातो. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तिथे तयार होतं, म्हणून ऑपरेशननंतर भूक खरोखरच मंदावते. कित्येक रुग्ण पहिल्या महिन्यात सांगतात की, जेवायची वेळ झाली हे घड्याळ बघून कळतं. उरलेली नळी मध्यावर जिथे वळते ती जागा मुळातच चिंचोळी असते. सूज, व्रण किंवा टाक्यांची रेघ थोडी पिळली जाणं, यातलं काहीही झालं तरी अडचण पहिल्यांदा तिथेच होते.

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. गळती नाही, ताप नाही. तिसऱ्या दिवशी बाई घरी गेल्या. जाताना मी त्यांना टप्पे समजावले : पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखे पातळ पदार्थ, मग दोन आठवडे दूध, गाळलेलं सूप, प्रोटीन पावडर असं पूर्ण द्रव, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुळगुळीत वाटलेलं अन्न, त्यानंतर मऊ आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचं. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं. दिवसाला किमान दीड लिटर द्रव. चघळायच्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या, बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचं अंतर, कारण एकत्र घेतलं तर कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या रकान्यात लिहिलेलं होतं, ‘रक्तदाबाची गोळी पूर्वीप्रमाणे’. तो कागद मीही पाहिला होता.

दीड लिटरचं गणित

दीड लिटर हा आकडा आम्ही इतक्या सहज सांगतो की, ऐकणाऱ्यालाही तो सोपा वाटतो. पण ज्याच्या जठराची नळी सुजलेली आहे त्याच्यासाठी हे दिवसभराचं काम आहे. पहिल्या दिवसांत एका वेळी ३० मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या बाटलीसोबत येतं तसं एक छोटं मापाचं झाकण. दीड लिटर म्हणजे अशी ५० झाकणं. माणूस १६ तास जागा असतो असं धरलं तर दर १९-२० मिनिटांनी एक झाकण. पुढे वाटलेलं अन्न सुरू झालं की आणखी एक नियम लागू होतो : खाताना पाणी नाही आणि खाल्ल्यावर अर्धा तास नाही. दिवसातून पाच वेळा थोडंथोडं खायचं, प्रत्येक वेळी खायला अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तास, म्हणजे पाच तास पाण्याविना गेले. उरलेल्या अकरा तासांत तीच ५० झाकणं बसवायची तर दर १३ मिनिटांनी एक. घोट थोडे मोठे होत जातात, दूध आणि सूपही या हिशेबात धरतात, त्यामुळे प्रत्यक्षात थोडी सवड मिळते. तरी हे घड्याळ लावून करायचं काम आहे, तहान लागेल तेव्हा पिऊ म्हणून जमत नाही.

तहानेवर विसंबता न येण्याचं आणखी एक कारण आहे. एरवी आपल्या शरीरात जाणाऱ्या पाण्यातला चांगला पाचवा हिस्सा जेवणातून येतो. जेवण चमच्यांवर आलं की तोही आटतो. आणि पाणी कमी पडायला लागलं की पहिली तक्रार बऱ्याचदा मळमळीची असते. मळमळतं म्हणून माणूस पीत नाही, पीत नाही म्हणून आणखी मळमळतं. या शस्त्रक्रियांनंतर पहिल्या महिन्याभरात रुग्ण पुन्हा दवाखान्यात येतात त्याच्या नेहमीच्या कारणांत शरीर सुकणं आणि उलट्या अगदी वरच्या क्रमांकावर आहेत. शिवाय सुकलेल्या शरीरात रक्त घट्ट होतं, आणि याच आठवड्यांत पायात गुठळी होण्याची भीती मोठी असते.

बाईंना वर्गात शिकवताना पाणी न पिण्याची पंधरा वर्षांची सवय होती. तास संपेपर्यंत घसा कोरडा झाला तरी थांबायचं, हे अंगवळणी पडलेलं. पहिल्या भेटीत त्यांनी हे स्वतःहून सांगितलं होतं आणि मी ते लिहून घेतलं होतं.

वही

पहिले दोन आठवडे उत्तम गेले. बाईंच्या पतींनी एक वही घातली होती. डाव्या बाजूला वेळ, मग पदार्थ, मग मिलिलिटर, मग प्रथिनं, खाली रोजची बेरीज. मी आजवर पाहिलेल्या वह्यांमध्ये ती सर्वांत नेटकी होती आणि मी तसं म्हणालेही. १४व्या दिवशी वजन सात किलोंनी उतरलेलं, टाके कोरडे, चेहरा टवटवीत.

वाटलेलं अन्न सुरू झालं आणि उलट्या लागल्या. आधी दोन दिवसांतून एकदा. मग रोज एकदा. चौथ्या आठवड्याच्या शेवटी रोज दोन-तीनदा. खाल्लेलं छातीच्या मध्यावर अडकल्यासारखं वाटायचं, तोंडात फेसाळ लाळ सुटायची आणि मग ते जसंच्या तसं वर यायचं. पाणी मात्र अजून उतरत होतं. घट्ट अडकतं आणि पातळ जातं, ही खूण वाट अरुंद झाल्याची असते. आज हे लिहिताना ती इतकी ठळक दिसते की, तेव्हा न दिसल्याचं नवल वाटतं.

बाईंनी कोणाकडे तक्रार केली नाही, कारण चूक आपलीच आहे असं त्यांनी धरून घेतलं होतं. घास मोठा झाला असेल, घाई झाली असेल. आम्हीच तसं शिकवलं होतं. ‘भरभर खाल्लंत तर उलटी होईल’ हे वाक्य आमच्या पत्रकात होतं. ते खोटं नाही. पण त्याच्या पुढची ओळ, म्हणजे हळू खाऊनही उलटी होत राहिली तर ती तुमची चूक नाही आणि लगेच कळवा, ही कुठेच नव्हती.

त्यात वजन भराभर उतरत होतं. घरचे खूश, ओळखीचे खूश, आणि मीही. एवढं वजन जाताना पाहिलं की, कोणाच्या मनात शंका येत नाही.

३३व्या दिवशी मी फोन केला तेव्हा तीन प्रश्न विचारले. प्रथिनं किती जातात? ६२ ग्रॅम. गोळ्या घेता? घेते. पोट साफ होतं? होतं, पण कमी. उलटीचा उल्लेख त्यांनी जाता जाता केला आणि मी जाता जाता उत्तर दिलं. ६२ ग्रॅम हा आकडा वहीतला होता, आणि वहीत तोंडात गेलेलं लिहिलं जात होतं. परत आलेलं त्यातून कोणी वजा करत नव्हतं. पुढे रुग्णालयात आम्ही पतींबरोबर बसून आठवून आठवून हिशेब केला, तेव्हा त्या आठवड्यात पोटात टिकलेली प्रथिनं २० ग्रॅमच्या आसपास निघाली आणि द्रव जेमतेम ७०० मिलिलिटर. ‘घेते’ याचाही अर्थ तोच होता. चघळायची गोळी गोड आणि पिठूळ, ती घेतली की दहा मिनिटांत मळमळून बाहेर. रक्तदाबाची गोळी मात्र लहान आणि गुळगुळीत. ती टिकायची. म्हणजे जीवनसत्त्वं बाहेर पडत होती आणि लघवी वाढवणारं औषध रोज नेमानं आत जात होतं.

मी त्यांना लघवीबद्दल विचारलंच नाही. विचारलं असतं तर दिवसातून दोनदा, गडद पिवळी, हे उत्तर तेव्हाच मिळालं असतं.

४१ ते ४५

पाचव्या आठवड्याची प्रत्यक्ष भेट बाईंनी पुढे ढकलली, कारण प्रवासात उलटी होईल याची धास्ती. ४१व्या दिवशी उठताना अंधारी आली आणि त्या बसल्या जागी कोसळल्या. पतींनी जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे शरीर सुकल्याचं बरोबर ओळखलं आणि ग्लुकोज असलेलं एक लिटर सलाईन लावलं. बाईंना तरतरी आली. ४३व्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतरच्या रात्री त्यांना दिव्याभोवती दुसरा दिवा दिसू लागला. दुसऱ्या दिवशी पाय टाकला की जमीन हलल्यासारखी वाटायची. अशक्तपणा असेल म्हणून त्या झोपून राहिल्या. ४५व्या दिवशी बोलण्यात गोंधळ सुरू झाला आणि पतींनी मला फोन केला.

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पाणी कमी झालेल्या माणसाला सलाईन लावणं योग्यच होतं. समोरच्या बाईचं जठर पाच-सहा आठवड्यांपूर्वी कापलेलं आहे आणि गेले काही आठवडे पोटात जीवनसत्त्व टिकलेलं नाही, हे सांगणारा एकही कागद आम्ही त्यांच्या हातात दिलेला नव्हता.

इथे थायमिनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा फार तर २५ ते ३० मिलिग्रॅमचा. बी-१२ यकृतात वर्षानुवर्षं पुरेल इतकं साठून असतं, थायमिनचा साठा खाणं थांबलं की दोन-तीन आठवड्यांत रिता होतो. पेशीत साखर आली की तिच्यातून पूर्ण ऊर्जा काढण्याच्या वाटेवर मोक्याच्या ठिकाणी थायमिन लागतं. ते नसेल तर साखर अर्ध्या वाटेत अडते, लॅक्टिक आम्ल साचतं आणि ज्या पेशींची भूक सर्वांत मोठी त्या आधी कोलमडतात. डोळ्यांची हालचाल, तोल आणि स्मरण सांभाळणाऱ्या मेंदूतल्या काही जागा यात पहिल्या सापडतात. अशा शरीरात नुसतं ग्लुकोज सोडलं तर उरलंसुरलं थायमिन त्या साखरेच्या मागे खर्ची पडतं. थायमिन आधी किंवा निदान ग्लुकोजबरोबर, हा नियम त्यासाठी आहे. लघवी वाढवणाऱ्या औषधांनी थायमिन लघवीतूनही जातं.

या आजाराचं नाव वर्निके एन्सेफॅलोपथी. दारूच्या व्यसनाशी ते इतकं जोडलं गेलं आहे की, दारू न पिणाऱ्या रुग्णात ते पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही. पण कार्ल वर्निके यांनी १८८१ साली ज्या तीन रुग्णांचं वर्णन केलं त्यांतली एक विशीतली शिवणकाम करणारी मुलगी होती. तिच्या पोटात सल्फ्युरिक आम्ल गेलं होतं, त्यानं जठराचं तोंड आक्रसलं आणि तिला उलट्या लागल्या होत्या. आक्रसलेलं जठर, थांबत नसलेल्या उलट्या आणि मग डोळे, तोल, भान. या बाईंच्या प्रकरणात जे घडलं ते त्या पहिल्याच वर्णनात लिहिलेलं होतं. मी ते शिकताना वाचलं होतं, आणि दारूच्या प्रकरणाखाली ठेवून दिलं होतं.

दाखल झाल्यावर

नाडी ११४. रक्तदाब झोपून ९४/६०, बसवल्यावर आणखी खाली. वजन ९८ किलो, म्हणजे ४५ दिवसांत २० किलो कमी. जीभ कोरडी. बाजूला बघायला सांगितलं की बुबुळं थरथरत, आणि डावा डोळा बाहेरच्या बाजूला पुरता जात नव्हता. उभ्या राहिल्या तर पाय फाकवून, आणि दोन पावलांत तोल गेला. तळपायांना मुंग्या. महिना विचारला तर चुकीचा सांगितला, आणि तो पूर्ण विश्वासानं सांगितला. रक्तात पोटॅशियम घसरून २.९, मॅग्नेशियमही कमी, मूत्रपिंडांवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन पूर्वी ०.८ होतं ते १.७. लघवीत कीटोन, म्हणजे उपाशी शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ, भरपूर.

डोळे, तोल आणि भान ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसणं हे खरं तर थोड्याच रुग्णांत घडतं. एक लक्षण असलं तरी पुरेसं मानून उपचार सुरू करावेत. आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी पाच मिनिटांत निर्णय घेतला. थायमिनच्या तपासणीसाठी रक्त काढून ठेवलं, पण तो अहवाल यायला दिवस लागतात, म्हणून त्याची वाट न बघता शिरेतून ५०० मिलिग्रॅम थायमिन साध्या सलाईनमधून सुरू झालं, दिवसातून तीनदा. ग्लुकोज पूर्ण बंद. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम सोबत, कारण मॅग्नेशियम नसेल तर थायमिन आत जाऊनही कामाला लागत नाही. रक्तदाबाची गोळी थांबवली. मेंदूचा एमआरआय दुसऱ्या दिवशी झाला आणि त्यात ठळक काही आलं नाही. तो निर्दोष आला म्हणून निदान खोटं ठरत नाही, हे पतींना दोनदा समजवावं लागलं. ही मात्रा रुग्णालयात देण्याची आहे. घरी गोळ्या वाढवून हे काम होत नाही, कारण ज्याला उलट्या होत आहेत त्याच्या पोटात गोळी टिकणारच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुबुळांची थरथर कमी झाली. पाचव्या दिवशी दोन-दोन दिसणं थांबलं. डोळे असे झपाट्यानं सुधारतात. तोल आठवडे घेतो. स्मरणाचं सांगता येत नाही.

भान आल्यावर कारण शोधलं. तोंडावाटे रंगद्रव पाजून काढलेल्या एक्स-रेत नळीच्या वळणावर चिंचोळी कंबर दिसली आणि दुर्बिणीतून तपासताना तीच जागा पुढे जाऊ देईना. तिथे फुगा फुगवून वाट रुंद केली, त्याच वेळी नाकातून एक बारीक नळी त्या जागेपलीकडे लहान आतड्यात सोडली आणि त्यातून अन्न सुरू केलं. हे काम माझं होतं. पहिले काही दिवस मी दिवसाला हजार कॅलरींच्या आतच राहिले. उपाशी शरीराला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम धाडकन पेशींत ओढलं जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. नातेवाइकांना ही कंजुषी वाटते. ‘आता तरी पोटभर द्या’ असं पती रोज म्हणत आणि मी रोज त्यांना रक्ताचे आकडे दाखवत असे. नवव्या दिवशी नळी काढली. १६व्या दिवशी बाई चालण्याची चौकट धरून घरी गेल्या, म्हणजे शस्त्रक्रियेपासून ६१ दिवसांनी. फुगा तीन आठवड्यांनी आणखी एकदा घालावा लागला. त्यानंतर अन्न अडकलं नाही.

घरी पुन्हा पहिल्यापासून

आहाराची शिडी पुन्हा खालच्या पायरीपासून चढलो. या वेळी मी टप्प्यांना तारखा दिल्या नाहीत. पातळ तीन दिवस उलटीशिवाय टिकलं की पुढची पायरी, नाही तर तिथेच मुक्काम. वहीत नवे रकाने आले. पहिल्यात ‘गेलं’, दुसऱ्यात ‘परत आलं’, तिसऱ्यात लघवी. प्रत्येक वेळी एक टिंब, आणि रंग गडद असेल तर टिंबाभोवती वर्तुळ. दिवसाला चार टिंबांपेक्षा कमी झाली तर त्याच दिवशी फोन.

प्राधान्यक्रमही बदलला. आधी पाणी, मग प्रथिनं. आमच्याकडे प्रथिनांचा एवढा घोष असतो की, रुग्ण ६० ग्रॅम गाठण्यासाठी घट्ट शेक रेटतात आणि पाणी राहून जातं. प्रथिनं दोन दिवस कमी पडली तर स्नायूंचं थोडं नुकसान होतं, ते भरून काढता येतं. पाणी दोन दिवस अर्ध्यावर आलं तर मूत्रपिंडं अडचणीत येतात. बाईंना थंड पाण्यानं पोटात पीळ पडायचा, कोमट चालायचं, म्हणून कोमटच. गॅसची पेयं नाहीत. खुणा केलेल्या अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या सकाळी भरून ठेवायच्या. शाळा सुरू झाल्यावर त्यांनी एक बाटली टेबलावर ठेवली आणि दर तासाला किती खाली गेली ते मुलांच्या देखत बघायला लागल्या.

थायमिनची १०० मिलिग्रॅमची गोळी रोज चालू राहिली. चघळायच्या गोळ्या सोडून गिळायच्या लहान गोळ्या दिल्या, त्या टिकल्या. रक्तदाबाचं औषध जवळजवळ दीड महिना लागलंच नाही, नंतर लघवी न वाढवणारं एकच औषध, कमी मात्रेत सुरू झालं. झपाट्यानं वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठीची गोळी सहा महिने. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळायला लागले आणि बाई रडत आल्या, पुन्हा काही बिघडलं म्हणून. शस्त्रक्रियेचा ताण आणि एकदम घटलेला आहार यांमुळे केस तीन ते सहा महिन्यांदरम्यान गळतात आणि मुळं शाबूत असल्यानं परत येतात. लोह आणि प्रथिनं तपासली, लोह थोडं वाढवलं, बाकी काही केलं नाही.

आमच्या पथकात काय बदललं तेही नोंदवते. फोनवरचा पहिला प्रश्न आता उलटीचा आणि दुसरा लघवीचा असतो, आकडे त्यानंतर. द्रवसुद्धा २४ तास टिकत नसेल तर रुग्णाला थेट बोलावतो. दोन-तीन दिवस सलग उलट्या असतील तर बोलावून थायमिन शिरेतून देतो आणि वाट तपासतो, डोळे-तोल बिघडण्याची वाट बघत नाही. डिस्चार्जआधी लघवी वाढवणाऱ्या प्रत्येक औषधावर डॉक्टर स्वतः निर्णय लिहितात. ‘पूर्वीप्रमाणे’ हा शब्द त्या रकान्यात आता चालत नाही. आणि प्रत्येक रुग्णाच्या खिशात एक छोटं कार्ड असतं : माझ्या जठराची शस्त्रक्रिया झाली आहे, उलट्या होत असतील तर ग्लुकोजआधी थायमिन द्या, आणि खाली आमचा रात्रीचा क्रमांक. हृदयाचे ठोके १२०च्या वर जाणं, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढतं दुखणं, पोटरी सुजणं किंवा धाप लागणं, ही लक्षणं कार्डाच्या मागच्या बाजूला आहेत. त्यांत फोनची वाट बघायची नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं.

बाई पाचव्या महिन्यात वर्गावर परतल्या. ४१ ते ५०व्या दिवसांतलं त्यांना काहीच आठवत नाही, आणि ते आठवेल असं आता वाटत नाही. नव्या मुलांची नावं लक्षात राहायला पूर्वी आठवडा लागायचा, त्या वर्षी दोन महिने लागले. त्यांनी बसण्याचा नकाशा काढून टेबलाच्या काचेखाली ठेवला.

नवव्या महिन्यातल्या भेटीत वजन ८१ किलो होतं. उजेडात चाल सरळ. अंधारात अजून एक हात भिंतीवर जातो, आणि पायाच्या बोटांना संध्याकाळी मुंग्या येतात. त्या कधी थांबतील ते मज्जातंतूंच्या डॉक्टरांनीही सांगितलेलं नाही. पुढची रक्ततपासणी बाराव्या महिन्यात ठरली. निघताना त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली. दुसऱ्या रकान्यात तीन महिन्यांत दोनच नोंदी होत्या, आणि दोन्हींपुढे त्यांनी मला केलेल्या फोनची वेळ लिहिली होती.